तरंगलेली कप्पी

१

कप्पी पाण्यावर तरंगत होती.

संयोगितानं दार उघडून दिवा लावला आणि टाकीच्या काठाशी ती तशीच उभी राहिली. खांद्यावरच्या पिशवीत उद्याच्या बैठकीच्या फायली होत्या आणि त्यांच्यातच तान्ह्या लेकीचं, निशूचं, तापाचं औषध. ती पिशवी खाली ठेवायचंही भान तिला राहिलं नाही. टाकीवरच्या जाळीची एक कड सुटली होती. दोन विती लांबीची काळपट लाकडी कप्पी त्या फटीतून डोकं वर काढून डुलत होती, अंघोळीच्या टबातल्या खेळण्यासारखी.

कुणी म्हणेल, वस्तू टाकीत आहे ना, मग काय बिघडलं? पण अडीचशे वर्षं समुद्राच्या तळाशी पडून राहिलेलं लाकूड तरंगत नसतं. पाणी पिऊन पिऊन ते दगडासारखं जड होतं. ही कप्पी, म्हणजे बुडालेल्या गलबताचं शीड ओढायची कप्पी, संयोगितानं स्वतःच्या हातांनी वर आणली होती. देवगडसमोर, चौदा मीटर खाली, स्वतःचा हात दिसत नव्हता अशा पाण्यात. निशूची चाहूल लागायच्या दोन महिने आधीची ती गोष्ट. वर आणताना तिचं वजन मनगटात भरलं होतं, ते अजून लक्षात होतं.

आणि तळाला तो दगड कसला? बागेतला गुळगुळीत गोटा जाळीवरून घसरून खाली गेला होता. संयोगितानं कप्पीवर कधी दगड ठेवला नव्हता. आपणहून बुडणाऱ्या वस्तूला दगड कशाला लागतो?

ती धावतच लहान मुलांच्या दालनात गेली. पोरांनी हात लावून बघावी म्हणून गुरुवारीच कप्पीची हुबेहूब नक्कल करून घेतली होती. कोपऱ्यात तिचं खोकं होतं, सुतळी बांधलेलं. संयोगितानं सुतळी तोडली.

खोक्यात नुसता भुसा होता.

२

"म्हणजे टाकीत आहे ती नक्कल, आणि खरी गायब," संचालक नंदिनी मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि उद्या अकराला समिती येणार."

समिती कशासाठी येणार होती हे संग्रहालयात शिपायापासून सगळ्यांना पाठ होतं. समुद्रापासून एवढ्या लांब, घाटाच्या वर, सागरी पुरातत्त्वाचा विभाग चालवायचा की उचलून मुंबईला न्यायचा, ते ठरणार होतं. तीन वर्षांपूर्वी हा विभाग सुरू झाला तेव्हापासून संयोगिता एकच वाक्य ऐकत आली होती. रिक्षावाले, नातेवाईक, दुसऱ्या विभागातले लोक, सगळ्यांचं तेच. कोल्हापुरात समुद्र कुठाय?

"मॅडम, मी स्पष्ट बोलतो," विश्वजित म्हणाला. संयोगिताच्या बाळंतपणाच्या रजेत सहा महिने विभाग त्यानं सांभाळला होता, आणि ती परत आल्यावर खुर्ची सोडताना त्याचा चेहरा फार काही हसरा नव्हता. "त्या खोलीच्या किल्ल्या दोन. एक टाकीचं पाणी बदलणाऱ्या आकारामकडं, एक यांच्याकडं. गुरुवारी दुपारी या बाळाला लस द्यायला गेल्या, त्या आज उगवताहेत. ती किल्ली चार दिवस दवाखान्यात, घरात, कुठं कुठं पडली असेल, कुणाला माहीत?"

"किल्ली माझ्या गळ्यात होती," संयोगिता म्हणाली.

"तुमच्या गळ्यात सध्या काय काय आहे, तेच तर म्हणतोय मी."

लशीनंतर निशूला ताप चढला होता. दोन रात्री कपाळावर पट्ट्या ठेवत तिनं वहीत आकडे लिहिले होते. दहा वाजता एकशे एक, दोन वाजता शंभर. आक्कांनी, तिच्या सासूबाईंनी, विचारलंही होतं, 'अगं, पोरीला हात लावला की कळतंय की, लिहायचं काय त्यात?' पण लिहिल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडत नसे.

"समितीला मी खोटं दाखवणार नाही," नंदिनी मॅडम म्हणाल्या. "उद्या दहापर्यंत कप्पी मिळाली तर ठीक. नाहीतर मला सांगावं लागेल की आपल्याला एक लाकूड सांभाळता आलं नाही. मग पुढचं सगळं ओघानं आलंच."

आणि त्याहून वाईट ते कुणी बोलत नव्हतं. ते लाकूड आता कुठंतरी पाण्याबाहेर असलं, तर सुकत असणार. आत साठलेलं पाणी उडालं की ते आक्रसतं, तडकतं, आठवड्याभरात त्याचा कोळशासारखा चुरा होतो.

गुरुवारपासून चार दिवस झाले होते.

३

कृष्णात सुताराचं दुकान पाच मिनिटांवर. नक्कल त्यानंच केलेली. ती तरंगली हे ऐकून तो आधी हसला.

"तरंगनारच की, मॅडम. जुन्या तुळईचा सागवान हाय, पर शेवटी सुकं लाकूड. मी गुरुवारी साडेबाराला आनून आकारामदादाच्या हातात दिली आनी तसाच माघारी आलो. लग्नाचं कपाट द्यायचं हुतं." मग त्यानं मान तिरकी केली. "पर चार दिस कुनाला कळ्ळं न्हाय म्हंता? म्हंजे काम बरं झालंय म्हनायचं."

"फार बरं झालंय," संयोगिता म्हणाली. "माझा जीव जायची वेळ आलीय."

"हितं चहा घ्या आनी मग जाऊ द्या."

संग्रहालयात परत आली तेव्हा शालूबाई पायऱ्या झाडत होत्या. शालूबाईंना कुणी काही विचारावं लागत नसे.

"ताई, मी एक सांगू? त्या इश्वजित सायबानं गुरुवारी पाच वाजता आकारामदादाकडनं किल्ली घेतलीती. फोटू काढायचं हाय म्हनून. अर्धा तास आत हुता. दुपारभर गावात, शाहूपुरीत छापखान्यात बसलावता, कापडी फलक घ्यायला. आला तो थेट आत."

"एकटाच?"

"एकटाच की. आनी भाईर आला तो शीळ घालत." शालूबाईंनी खराटा पायरीवर आपटला. "हितं समद्यांचंच कायतरी बदाललंय बगा. आता आकारामदादाचंच घ्या. आयुष्यभर मला बोल लावला, शाले, हिरीचं पानी सोडून इकतचं पानी कोन पितंय गं? आनी गुरुवारधरनं रोज गाडीला फिल्टरच्या पान्याचा जार बांधून न्हेतोय. म्हनलं दादा, वैनीनं लयच लाडात घेतलंय. तर म्हनतोय, घरात पावणं आल्यात."

संयोगिता हसली. मनात मात्र विश्वजितचा तो अर्धा तास घोळत होता.

आकाराम टाकीच्या खोलीबाहेर स्टुलावर बसला होता. साठीला टेकलेला, गडमुडशिंगीचा, घरी दोन म्हशी. देवगडहून कप्पी आणली तेव्हा जीपमध्ये मागं टबाशेजारी तोच बसला होता. गगनबावड्याच्या घाटात प्रत्येक वळणाला तांब्यानं तिच्यावर पाणी घालत होता. इथं यायच्या आधी तो गावच्या दूध संस्थेत फॅट काढायला होता. तिथनं का सुटला, ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती. चेअरमनच्या म्हशीच्या दुधातलं पाणीसुद्धा त्यानं वहीत खरं लिहिलं होतं.

"दादा, गुरुवारी पाणी कधी बदललंत?"

"तीन वाजता. दर गुरुवारी तीनच की, बाई."

"कप्पी ठेवलेलं ताट तुम्हीच उचललंत?"

"दुसरं कोन उचलतंय." तो तिच्याकडं बघत नव्हता. "बाई, निशूचा ताप उतरला का?"

"उतरला."

"मग बरं झालं," तो म्हणाला.

संयोगितानं आत जाऊन भिंतीवरच्या खिळ्याची नोंदवही काढली. पहिल्या पानापासून बघत निघाली, आणि शेवटच्या पानाशी येऊन थबकली.

४

समुद्रातून आलेल्या लाकडात मीठ मुरलेलं असतं. ते काढायला लाकूड गोड्या पाण्यात ठेवतात. दर आठवड्याला पाणी बदलायचं आणि पाण्यात किती क्षार उतरले ते रोज मोजायचं. घरातल्या फिल्टरचं पाणी तपासायला असतं तसलंच पेनासारखं मीटर. आकाराम ते रोज सकाळी बुडवायचा आणि आकडा लिहायचा. शेजारी विभागप्रमुखाची सही. संयोगिता रजेवर असली की विश्वजितची.

एरवीचा आठवडा असा असायचा: ताजं पाणी भरलं की अठरा, दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस, मग अठ्ठावन्न, मग सत्तर. लाकूड मीठ सोडतंय, आकडा चढतोय. तापाच्या वहीसारखंच, फक्त इथं चढणं हे चांगलं लक्षण.

या आठवड्यात गुरुवारी अठरा, शुक्रवारी एकोणीस, शनिवारी एकोणीस, रविवारी वीस.

संयोगिता आतल्या स्टुलावर बसली. आजचा आकडा तिनं स्वतः मीटर बुडवून पाहिला. वीस.

म्हणजे त्या ताज्या पाण्यात खरी कप्पी पडलीच नव्हती. अदलाबदल शनिवार-रविवारच्या गर्दीतली नव्हे, गुरुवारची.

विश्वजितचे ते पाच ते साडेपाच? तिनं बोटांवर हिशेब केला. पाणी तीनला बदललं. पाचपर्यंत खरी कप्पी त्यात असती, तर दोन तासांत तेवीस-चोवीस झालेच असते. ताज्या पाण्यात मीठ सुरुवातीलाच जोरात सुटतं. एकोणीस राहिलाच नसता. आणि तीन वाजता विश्वजित शाहूपुरीत छापखान्यात होता. शिवाय या आकड्यांचा अर्थ त्याला कळतो. चोरी त्याची असती तर टाकीत चिमूटभर मीठ टाकून तो मोकळा झाला असता.

कृष्णात? साडेबाराला तो नक्कल देऊन परतला. आणि त्यानं आधीच बदलली असती, तर तीनला ताट उचलणाऱ्याच्या हाताला कळलं असतं. पाणी प्यालेला सागवान आणि सुका सागवान, लहान पोरालाही फरक कळेल.

तीन वाजता ताट उचललं एकाच माणसानं.

पण मग आकडे? चोरी करणाऱ्यानं एक्केचाळीस, अठ्ठावन्न लिहिलं असतं तर कोण विचारणार होतं? विश्वजित न बघता सह्या ठोकत होता. तरी त्यानं खरे आकडे लिहिले. आपल्याच विरुद्धचा पुरावा, रोज सकाळी, ठसठशीत अक्षरात.

खोटा आकडा लिहायला ज्याचा हात चालत नाही असा माणूस या इमारतीत एकच होता. आणि तो गुरुवारपासून रोज फिल्टरच्या पाण्याचा जार घरी नेत होता.

संयोगिता ताडकन उठली. पाणी नेतोय. म्हणजे ती अजून पाण्यात आहे.

बाहेर स्टूल रिकामं होतं. आकाराम आज तासभर आधीच घरी गेला होता.

५

तिच्या नवऱ्यानं, ऋतुराजनं, स्कूटर काढली. मागं संयोगिता, मध्ये निशू. गडमुडशिंगीत पोचले तेव्हा धारा काढायची वेळ होती. आकाराम म्हशीखाली बसला होता. वर बघितलं, आणि धार थांबली.

"या, पावणं," तो ऋतुराजला म्हणाला. संयोगिताला काही म्हणाला नाही. हात धुतले, गोठ्यामागच्या खोलीचं दार ढकललं.

आत निळा प्लास्टिकचा पिंप होता, वरून पांढरं स्वच्छ धोतर बांधलेलं. संयोगितानं धोतर सोडलं, बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात घातला. थंडगार पाणी. तळाशी बोटांना ते लागलं. लोण्यासारखा मऊ पृष्ठभाग, कडेची खाच, आणि उचलायला गेल्यावर मनगटात भरलेलं तेच वजन. एक तडा नव्हता.

तिला पहिल्यांदा काय आठवलं असेल तर निशू पहिल्यांदा हातात दिली ते.

"का, दादा?"

आकाराम उंबऱ्यावर बसला. "इश्वजित सायेब म्हनले, मंगळवारी समिती येती आनी कप्पी उचलून ममईला न्हेती. सायबाचा शब्द, मला खरंच वाटलं. घाटातनं मी तिला पानी पाजत आनलंया, बाई. म्हनलं, न्हेऊ द्या की खोटी. त्यास्नी काय कळतंय."

"तरंगल्यावर कळलं नसतं?"

"टाकीत सोडली तवा तरंगली. म्हनून धोंडा ठेवला." तो ओशाळा हसला. "पर धोंड्यानंबी दगा दिला."

"मला का नाही सांगितलं?"

"तुमास्नी सांगटलं असतं तर तुमास्नी खोटं बोलावं लागलं असतं."

"आणि तुम्ही मात्र वहीत खरं लिहिलंत."

"वहीत कसं खोटं लिवायचं?" त्यानं इतक्या साध्या आश्चर्यानं विचारलं की संयोगिताला हसावं की रडावं कळेना.

आकारामची बायको निशूला कडेवर घेऊन म्हैस दाखवत होती. संयोगिताची नजर पिंपाच्या वरच्या फळीवर गेली. तिथं विभागातलं जुनं, बाद केलेलं मीटर होतं आणि शाळेची शंभरपानी वही. तिनं ती उघडली. गुरुवार संध्याकाळ अठरा. शुक्रवार सकाळ एकोणचाळीस, पानी बदाललं. शनिवार छत्तीस, पानी बदाललं. रविवार चौतीस. सोमवार एकतीस.

रोज पाणी बदलत होता, आणि रोज आकडा उतरत होता. लाकडातलं मीठ कमी होत चाललं होतं. एक दिवसही खाडा नव्हता.

"दादा," संयोगिता म्हणाली, "ओलं गोणपाट काढा. आणि ही वही मला द्या. उद्या तुम्हाला समितीसमोर बसायचं आहे."

"मला पोलिसात देनार?"

"तुम्हाला खरं बोलायला लावणार. त्याची सवय आहेच तुम्हाला."

६

अकरा वाजता समिती आली. नंदिनी मॅडमना सगळं आधीच सांगून झालं होतं. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "बोलायचं तूच."

समितीच्या अध्यक्षबाई गोव्याहून आल्या होत्या. चाळीस वर्षं पाण्याखाली काढलेल्या, आवाज खरखरीत. आधी विश्वजितनं पडद्यावर चित्रं दाखवली. गुरुवारी काढलेला कप्पीचा मोठा फोटो आला तसा त्या पुढं झुकल्या.

"ही नवी आहे," त्या म्हणाल्या. "कडा बघा."

विश्वजितचा हात बटणावरच राहिला.

"बरोबर," संयोगिता उठली. "ती नक्कल आहे. चार दिवस टाकीत तीच होती. खरी आज सकाळी आत गेली. कसं झालं ते सांगते."

तिनं काही लपवलं नाही. दोन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. आकाराम भिंतीला टेकून उभा होता, टोपी हातात, मान खाली.

विश्वजित घसा साफ करत म्हणाला, "म्हणजे आपल्या विभागात चोरी होते, आणि प्रमुखांना चार दिवस पत्ता नसतो. हेच मी म्हणत होतो."

"अठरा, एकोणीस, एकोणीस, वीस," संयोगिता शांतपणे म्हणाली. "शेवटच्या तीन आकड्यांशेजारी तुमच्या सह्या आहेत, विश्वजित. तीन दिवस लाकूड मीठ सोडत नाहीये हे वहीत लिहिलेलं होतं. मी आल्यावर मला कळायला एक दिवस लागला. तुम्हाला तीन सकाळी मिळाल्या होत्या. एक अर्धा तास तर तुम्ही तिच्यासमोर कॅमेरा घेऊन उभे होता."

विश्वजितनं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला.

अध्यक्षबाई शंभरपानी वही वाचत होत्या. पान उलटलं, परत मागं आल्या.

"ही कुणी लिहिली?"

"म्या," आकाराम म्हणाला.

"गोठ्यात?"

"व्हय. गोठ्यामागं."

"पाणी कुठलं?"

"इकतचं." हे सांगताना मात्र तो खरोखर लाजला.

अध्यक्षबाईंनी वही मिटली. "मी समुद्रकाठची संग्रहालयं बघितली आहेत, जिथं असं लाकूड खिडकीत सुकत पडलेलं असतं, आणि वहीत वर्षभराचे आकडे एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेले असतात. तुमच्याकडं चोरसुद्धा रोज मोजमाप करतो." त्यांनी संयोगिताकडं बघितलं. "आकडे वाचायला कुठं शिकलात?"

"समुद्रात थोडं," संयोगिता म्हणाली. "बाकीचं पोरीच्या तापात."

त्या हसल्या. मग नंदिनी मॅडमकडं वळून म्हणाल्या, "अहवाल मी लिहिणार आहे, आणि त्यात काय असेल ते आत्ताच सांगते. विभाग इथंच राहील. प्रमुख याच राहतील. देवगडच्या गलबताचं उरलेलं लाकूडही वर काढा, आणि इथंच आणा. टाकी मोठी लागेल."

नंदिनी मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला, उगाचच परत काढला. आकारामला आपण काय ऐकलं ते दोनदा विचारावं लागलं.

संध्याकाळी टाकीच्या खोलीत संयोगितानं त्याच्यापुढं हात पसरला. आकारामनं मुकाट्यानं कंबरेची किल्ली सोडून तिच्या तळव्यावर ठेवली. एवढं व्हायचंच, हे त्यालाही ठाऊक होतं.

"किल्ली माझ्याकडं," ती म्हणाली. "वही तुमच्याकडं."

त्यानं धोतराच्या सोग्यानं मीटर पुसलं, पाण्यात बुडवलं, डोळे बारीक करून बघितलं. सकाळी अठरा होता. आता सव्वीस. त्यानं तो खालच्या ओळीत लिहिला, आणि वही तिच्यापुढं धरली. संयोगितानं आधी आकडा वाचला, मग सही केली.

बाहेर पायऱ्यांवर एक कुटुंब नवा कापडी फलक वाचत थांबलं होतं. त्यातला गडी बायकोला मोठ्यानं म्हणाला, "सागरी दालन म्हनं. कोल्हापुरात समुद्र कुठाय गं?"

शालूबाईंनी खराटा थांबवला.

"आत हाय की," त्या म्हणाल्या. "चपला हितं काढा, आनी बघून या."